एकाच रांगेत: पहिल्या कम्युनियनच्या वर्गातलं एक भांडण

मी स्वतः ह्या प्रकरणात होतो, लांबून बघत नव्हतो. आमच्या धर्मग्रामाच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिक समाजाच्या) शाळेत मी शनिवारी धर्मशिक्षण शिकवतो, बाकी आठवडा नोकरी. त्यामुळे जे लिहितोय ते थोडं एकतर्फी असणारच. गावाचं, चर्चचं, शाळेचं नाव देत नाही, माणसांचे तपशीलही थोडे बदललेत.

पार्श्वभूमी

वसईचा पश्चिम पट्टा. एकेकाळी केळीच्या आणि फुलांच्या वाड्या, आता वाडीच्या तुकड्यावर बिल्डिंग. चर्चची शाळा आधी मराठी माध्यमाची, अनुदानित. नंतर त्याच आवारात इंग्रजी माध्यम सुरू झालं आणि मराठीचे वर्ग रोडावत गेले. दोन्हीकडे मिळून कॅथलिक मुलं निम्म्याहून कमी. कॅथलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा तास असतो तेव्हा बाकीच्यांचा मूल्यशिक्षणाचा. चौथीतली मुलं शनिवारी जादा वर्गाला येतात, जून ते जानेवारी, आणि नाताळ झाला की जानेवारीत पहिलं कम्युनियन, म्हणजे मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) ख्रिस्ताचं शरीर मानली जाणारी भाकरी मूल पहिल्यांदा घेतं तो विधी. त्या वर्षी, म्हणजे २०२४-२५ ला, ३८ मुलं होती. शिकवायला एक सिस्टर, एक रिटायर्ड बाई आणि मी.

कोविडच्या आधी आमच्याकडे बरीचशी मुलं ती भाकरी जिभेवरच घ्यायची, त्यावर कोणी कधी काही बोललं नव्हतं. कोविडमध्ये सगळीकडे हातावर सुरू झालं आणि मग ते तसंच राहिलं. मुद्दाम कोणी ठरवलं नाही. सिस्टर मुलांना डावा हात वर, उजवा खाली, आमेन मोठ्याने, बाजूला सरकून तिथेच तोंडात टाकायचं, असं शिकवत होत्या आणि छान शिकवत होत्या. चौथ्या शतकात जेरुसलेमच्या संत सिरिलनेही जवळपास हेच सांगितलंय, फक्त त्यात उजवा हात वर, की डावा हात उजव्या हातासाठी सिंहासन कर, कारण तो राजाला घेणार आहे. सिस्टर ही गोष्ट मुलांना सांगायच्या आणि मुलं हाताचं सिंहासन करून एकमेकांना दाखवायची.

अजून एक गोष्ट आधी सांगून ठेवतो, कारण आम्हाला तिचा संबंध फार उशिरा कळला. एप्रिल २०२४ ला भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने कॅथलिक शाळांसाठी सूचना काढल्या. रोज परिपाठाला संविधानाची उद्देशिका वाचा, इतर धर्मांच्या मुलांवर आपल्या प्रथा लादू नका, सगळ्यांसाठी प्रार्थनेची एक खोली ठेवा, वगैरे. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मुख्याध्यापिकांनी परिपाठात लाऊडस्पीकरवर होणारी प्रभूची प्रार्थना बंद केली आणि त्या जागी उद्देशिका आणली. त्यांचं म्हणणं होतं की ह्यात बिशपांच्या सूचनेच्याही आधी संविधानाचं कलम २८ आहे, सरकारी मान्यता किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कुठल्याच मुलाला उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. कायद्याने त्या शंभर टक्के बरोबर होत्या. पण पालकांना एक चिठ्ठीसुद्धा गेली नाही. मुलांनी घरी जाऊन सांगितलं, "आता प्रार्थना नाही म्हणत."

नेमकं काय झालं

नोव्हेंबरच्या एका शनिवारी पहिली प्रॅक्टिस होती. न आशीर्वादलेल्या होस्टचं (कम्युनियनच्या पातळ चकत्यांचं) पाकीट आणलं होतं, मुलं चवीबद्दल जाम उत्सुक (एकाने विचारलं, सर हे पापडासारखं लागतं का, आणि खरं तर थोडं लागतंच). चर्चमध्ये मधल्या वाटेने रांग, पुढे सिस्टर हातात वाटी घेऊन. पंधरा-सोळा मुलं नीट गेली. मग एक मुलगी आली, बारीक, दोन वेण्या, वर्गात फारसं बोलत नाही. ती सिस्टरसमोर गुडघ्यावर बसली, डोळे मिटले आणि जीभ बाहेर काढली.

मागची मुलं हसली. सिस्टरनी तिला कोपराला धरून हळूच उठवलं, "बेटा, हातावर, सगळ्यांसारखं." ती उठली, हात पुढे केले, घेतलं, जागेवर जाऊन बसली. पुढचा अर्धा तास तिने कोणाकडे बघितलं नाही. मी हे सगळं दुसऱ्या बाकावरून बघत होतो आणि मला त्यात काही विशेष वाटलं नाही, हे कबूल करतो.

रात्री साडेनऊला पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिच्या वडिलांचा मेसेज आला. लांबलचक. माझ्या मुलीला देवासमोर गुडघे टेकल्याबद्दल उठवलं गेलं, शाळेतनं आधी प्रार्थना काढली, आता गुडघे काढतायत, उद्या काय काढणार. सकाळपर्यंत दोनशेच्या वर मेसेज. एक डॉक्टर आई होती तिने थुंकी आणि इन्फेक्शनवर लिहिलं. कोणीतरी अमेरिकेतल्या कुठल्या जुन्या पद्धतीच्या लॅटिन मिस्साचे व्हिडिओ टाकले, त्यावर दुसऱ्याने हसण्याचे इमोजी, मग त्या इमोजींवर वेगळं भांडण.

सोमवारी सात कुटुंबांच्या सह्यांचं पत्र फादरांकडे आलं. मागण्या चार: सगळ्या मुलांना गुडघ्यावर आणि जिभेवर द्यावं, मुलींच्या डोक्यावर व्हेल (ओढणी) सक्तीची करावी, वर्कबुक आणि अॅक्टिव्हिटी बंद करून जुन्यासारखी प्रश्नोत्तरं पाठ करून घ्यावीत, आणि वर्गाच्या शेवटी संत मायकेलची (सैतानापासून रक्षण मागणारी) प्रार्थना व्हावी.

पहिला निर्णय, जो चुकला

फादर नवीन होते, बदली होऊन सहा महिने झाले होते. माणूस चांगला, पण पत्राची भाषा कडक होती आणि ते दुखावले. पुढच्या रविवारी मिस्साच्या शेवटी सूचना वाचताना त्यांनी सांगून टाकलं, की पहिल्या कम्युनियनला शिस्त म्हणून सर्व मुलं उभी राहून हातावरच घेतील, हा विषय संपला.

विषय काय संपतोय. दुपारी ग्रुपवर एक पीडीएफ आली, २००४ चं व्हॅटिकनचं पत्रक, रिडेम्प्शनिस सॅक्रामेंटुम, त्यातले परिच्छेद ९१ आणि ९२ पिवळे केलेले. त्यात स्वच्छ लिहिलंय की कोणी गुडघ्यावर आला किंवा उभा राहिला एवढ्यावरून त्याला कम्युनियन नाकारता येत नाही, आणि जिभेवर घ्यायचा हक्क प्रत्येकाला कायम आहे. तीच पीडीएफ बिशप हाऊसलाही पाठवली होती.

गंमत अशी की त्याच परिच्छेदात हेही आहे की जिथे बिशप परिषदेने परवानगी घेतलीय तिथे हातावर मागणाऱ्याला हातावर द्यायचं. म्हणजे सात कुटुंबांची "सगळ्यांना जिभेवर" ही मागणीसुद्धा त्याच कागदाने बाद होत होती. पण पिवळा रंग अर्ध्यापर्यंतच होता. दोन्ही बाजूंनी निम्मा निम्मा नियम धरून ठेवला होता आणि फादरांनी तर घोषणेआधी तो उघडलाही नव्हता. नंतर त्यांनी हे स्वतःच मीटिंगमध्ये मान्य केलं, त्याचं मला कौतुक वाटतं.

समोर काय पर्याय होते

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मीटिंग: फादर, सिस्टर, बाई, मी, मुख्याध्यापिका, पॅरिश कौन्सिलचे दोघे. पालक नव्हते.

सगळ्यांना हातावर, हे आता नियमात बसत नव्हतं. सगळ्यांना जिभेवर, तेही नाही. सात कुटुंबांसाठी वेगळी मिस्सा घ्यावी असं कौन्सिलमधल्या एकाने सुचवलं. फादरांना ते क्षणभर सोपं वाटलं, पण बाई म्हणाल्या, "फादर, वेगळं कम्युनियन म्हणजे काय हो? शब्दाचा अर्थ तरी बघा." मग कोणी बोललं नाही.

दोन रांगा करायच्या, एक गुडघ्यावरची आणि एक उभ्याची, ह्यावर बरीच चर्चा झाली. फोटोग्राफरला ते बरं पडलं असतं, आणि पहिल्या कम्युनियनमध्ये फोटोग्राफर किती मोठा माणूस असतो हे ज्याने ते आयोजित केलंय त्यालाच कळेल. पण दोन रांगा म्हणजे नऊ वर्षांच्या पोरांवर आईबापांच्या पार्टीचे शिक्के. ते नको झालं.

राहिला एकच: रांग एक, प्रत्येक मुलाला दोन्ही पद्धती शिकवायच्या आणि ज्याला जसं हवं तसं. सिस्टरना हे पटत नव्हतं, गोंधळ होईल म्हणाल्या. आणि मग खरा प्रश्न निघाला, की "ज्याला हवं" म्हणजे कोणाला? मुलाला की पालकांना? तयारीची जबाबदारी आधी पालकांची, मग फादरांची, असं चर्चच्या कायद्यातलं कलम, कॅनन ९१४, म्हणतं. पण जीभ तर मुलाची आहे. ह्यावर एकमत झालंच नाही, पालकांना फॉर्म भरायला लावायचा नाही एवढंच ठरलं.

आजीचं घर

मीटिंगनंतर बाई मला म्हणाल्या, तू त्या मुलीला विचारलंस का, तिने असं का केलं? मी नव्हतं विचारलं. कोणीच नव्हतं. दोनशे मेसेज, एक पत्र, एक घोषणा, एक पीडीएफ, आणि जिच्यावरून हे सगळं तिला एक प्रश्न नाही.

संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. वडील कामावर होते. ओट्यावर आजी, ऐंशीच्या पुढची, आणि बाजूला मुलगी गृहपाठ करत. आजीचे हात सतत थरथरत होते, चहाची बशी सुनेने धरली तेव्हा कुठे ती प्यायली. बाईंनी सहज विचारलं, "काय गं, त्या दिवशी गुडघ्यावर का बसलीस?" तर म्हणते, "आजी तशीच घेते."

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना घरी कम्युनियन येतं. आजीचे हात धड राहत नाहीत म्हणून ती जिभेवर घेते, आणि तेव्हा घरातले सगळे गुडघ्यावर असतात. मुलगी लहानपणापासून आजीच्या खाटेला टेकून हे बघत आलेली. तिच्या लेखी कम्युनियन म्हणजे तेच. व्हिडिओ नाही, चळवळ नाही. वडिलांना तरी हे माहीत होतं का, मला आजही सांगता येणार नाही.

मग आजी बोलायला लागली. तिचं पहिलं कम्युनियन १९५१ चं. आदल्या मध्यरात्रीपासून कडक उपास, पाण्याचा थेंबसुद्धा नाही (पाण्याची सूट रोमने १९५३ ला दिली, १९५७ ला उपास तीन तासांवर आला आणि १९६४ ला एक तासावर). वेदीसमोर कठडा, त्यावर पांढरं कापड, हनुवटीखाली धरायचं. तिला चक्कर आली होती, मावशीने मागून धरून ठेवलं. मिस्सा लॅटिनमधली, फादरांची पाठ लोकांकडे. प्रश्नोत्तरं सगळी पाठ, चुकलं की छडी. मी विचारलं, समजायचं का? म्हणाली, "तेव्हा काय कळतंय. पण अजून येतंय बघ," आणि तिथल्या तिथे चार उत्तरं घडाघडा म्हणून दाखवली. पाचवं तिच्या नातीने पूर्ण केलं.

पाठांतराच्या मागणीला मी मीटिंगमध्ये नाक मुरडलं होतं. त्या ओट्यावर माझं मत थोडं हललं, पूर्ण नाही.

आणि परंपरा परंपरा म्हणून जे चाललं होतं त्याबद्दलही. आठ-नऊ वर्षांची मुलं पांढऱ्या कपड्यांत, हेच मुळी १९१० नंतरचं. त्याआधी बऱ्याच ठिकाणी बारा-तेराव्या वर्षापर्यंत थांबवायचे, पोप पायस दहावे यांनी ते वय साधारण सातवर आणलं. तेव्हाही जुन्या लोकांनी कुरकुर केलीच असणार. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, तरी इथली माणसं श्रद्धा धरून राहिली, आळीच्या क्रूसापाशी संध्याकाळची माळ (रोझरी) म्हणत राहिली. आमच्या सात कुटुंबांच्या पत्रात त्या क्रूसाचा उल्लेख नव्हता. आणि आमच्या वर्गाच्या आठ महिन्यांत वसईत जन्मलेला, १५९७ ला नागासाकीला क्रूसावर मारला गेलेला संत गोन्सालो गार्सिया एकदाही आला नव्हता, म्हणजे आम्हीही काही कमी नाही.

काय केलं

फादर स्वतः त्या घरी गेले, पत्र न घेता. आजीला कम्युनियन दिलं, मग वडिलांशी तासभर बोलले. काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही. रविवारी त्यांनी आधीची सूचना मागे घेतली, तीन वाक्यांत, स्पष्टीकरणाशिवाय. काही जणांना वाटलं फादर घाबरले. वाटू दे.

मग दोन पाकिटं होस्ट जादा आणले आणि डिसेंबरच्या तीन शनिवारी प्रत्येक मुलाकडून दोन्ही प्रकार करून घेतले. कोण कसं घेणार हे आधी विचारलं नाही, दिवसाच्या दिवशी बघू म्हटलं. पाठांतराचं आम्ही अर्धं मान्य केलं: वीस प्रश्नोत्तरं निवडली, मराठीतून, आणि ती वर्गात न घेता घरी आजी-आजोबांकडून ऐकून यायची. इंग्रजी माध्यमाच्या मुलांची तारांबळ उडाली, "प्रायश्चित्त" शब्द म्हणताना एकाची जीभ अशी काही वळली की सगळा वर्ग लोळला. व्हेल ऐच्छिक ठेवली, फ्रॉकबरोबर बहुतेक मुलींनी ती घेतलीच होती. संत मायकेलची प्रार्थना वर्गात घेतली नाही.

परिपाठाच्या प्रार्थनेला मात्र कोणी हात घातला नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या तो शाळेचा विषय, फादर म्हणाले आता नको. मी पण गप्प बसलो.

काय निष्पन्न झालं

जानेवारीच्या त्या रविवारी ३८ पैकी ३७ मुलं होती. एक कुटुंब आधीच दुसऱ्या धर्मग्रामात गेलं, आम्हाला न सांगता, मुलाच्या मित्राकडून कळलं. ३७ पैकी ११ जणांनी जिभेवर घेतलं, त्यातली चौघं गुडघ्यावर. सात कुटुंबांपैकी जी सहा उरली त्यांच्यातल्या तीन मुलांनी हात पुढे केले, आणि त्यांच्या आया पहिल्या बाकावर बसून हे बघत होत्या. डॉक्टर बाईंच्या मुलाने जिभेवर घेतलं. का, तर पुढच्या मित्राने घेतलं म्हणून.

ती मुलगी गुडघ्यावर बसली. कोणी हसलं नाही.

आणि एक मुलगा हातावर घेऊन, मूठ बंद करून, तसाच जागेवर निघाला. गोंधळला बिचारा. सिस्टर तिसऱ्या बाकापर्यंत मागे धावल्या आणि तिथे त्याने खाल्लं. २००४ च्या त्या पत्रकात हातावर देताना हीच काळजी घ्यायला सांगितलीय, की माणसाने देणाऱ्यासमोरच खावं. सात कुटुंबांचा हा मुद्दा पहिल्यापासून होता आणि तो खरा निघाला, हे लिहायलाच हवं. त्या दिवसापासून आमच्याकडे एक वेदीसेवक बाजूला फक्त एवढंच बघायला उभा असतो.

परत करायचं झालं तर

दोन्ही पद्धती जूनच्या पहिल्या वर्गात शिकवीन, नोव्हेंबरमध्ये नाही. आपण शिकवली ती एकच पद्धत असते असं मुलांना वाटतं, आणि पाचव्या महिन्यात आपल्यालाही वाटायला लागतं.

मूल काही वेगळं करतंय दिसलं की त्याला तिथेच, खाली बसून, विचारायचं. सिस्टरना हे मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मागे बावीस मुलं उभी होती, सर." हेही खरंय. मग निदान प्रॅक्टिस संपल्यावर. मी रिकामाच बसलो होतो, मला जमलं असतं.

मीटिंगला त्या सात कुटुंबांपैकी दोघांना बोलवायला हवं होतं. आम्ही घाबरलो. ते समोर असते तर पिवळा न केलेला अर्धा परिच्छेद आम्ही एकत्र वाचला असता.

सगळ्यात जास्त टोचतं ते जूनचं. प्रार्थना बंद करताना पालकांना बोलवून कलम २८ काय आहे, बिशपांनी काय सांगितलंय, कॅथलिक मुलांसाठी वेगळी वेळ कुठे काढता येईल, हे बोललो असतो तर नोव्हेंबरचा मेसेज कदाचित आलाच नसता, किंवा त्यातलं ते प्रार्थनेचं वाक्य तरी नसतं. गुडघ्यांचं आम्ही नीट केलं, पण ज्याने लोक आधीपासून धुमसत होते ते तसंच ठेवलं.

ह्या वर्षीपासून घंटेच्या आधी, ७:४० ला, शाळेच्या मागच्या छोट्या चॅपेलमध्ये ज्याला यायचंय त्याच्यासाठी पाच मिनिटं प्रार्थना असते. मुख्याध्यापिकांनी लेखी परवानगी दिलीय, पालकांच्या सहीचा कागद लागतो. नऊ-दहा मुलं येतात. त्या मुलीला तिचे वडील स्कूटरवर सोडतात, ती आत जाईपर्यंत गेटपाशी थांबतात. मी दिसलो तर मान हलवतात. बोलणं अजून जेमतेमच आहे.